केएलएच ते कुठंही: विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या कशी काढायची

आमच्या कोल्हापूरच्या घरात कुणी विमानाचं तिकीट काढलं की पहिला फोन मला येतो. "आरं, हैदराबाद किती तास?" मी म्हणतो सव्वा तास. मग दुसरा प्रश्न, "आणि अंतर किती हाय?" मी म्हणतो साडेचारशे किलोमीटर धरा. की लगेच मामा तिकडून, "मग गुगल साडेपाचशे का दाखवायलंय?" कारण मामांनी गाडीचा रस्ता उघडलेला असतो. हे इतक्या वेळा झालंय की शेवटी ठरवलं, एकदाच बसून सगळं लिहून काढायचं, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवली की झालं.

आधी एक गोष्ट. "किती तास" या प्रश्नाला चार उत्तरं असतात आणि चारही बरोबर असतात. विमान हवेत किती वेळ, हे पहिलं. जागेवरून हलल्यापासून तिकडं जाऊन थांबेपर्यंत किती, हे दुसरं, तिकिटावर छापतात ते हेच. घड्याळात किती दिसतं हे तिसरं, परदेशात गेलं की हे गंडतं. आणि घराच्या उंबऱ्यापासून तिकडच्या उंबऱ्यापर्यंत किती, हे चौथं. माणसाला खरं तर चौथं पाहिजे असतं आणि तो विचारतो पहिलं. अंतराचंही तसंच, सरळ रेषेतलं वेगळं, विमान प्रत्यक्ष उडतं ते वेगळं, रस्त्याचं तर वेगळंच.

सुरुवात: नक्की कुठल्या विमानतळापासून कुठल्या

हे हास्यास्पद वाटेल पण बहुतेक चुका इथंच होतात. शहराचं नाव टाकून अंतर काढू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. आपल्या उजळाईवाडीचा, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळाचा, कोड केएलएच. मुंबईचा बीओएम, पण आता नवी मुंबईचं विमानतळपण सुरू झालंय, त्याचा एनएमआय, म्हणजे नुसतं "मुंबई" म्हणून तिकीट काढायचे दिवस गेले. दोन्ही विमानतळांत हवेतलं अंतर काही विशेष नाही पण तुम्हाला जायचंय बोरिवलीला आणि विमान उतरलं पनवेलच्या बाजूला तर टॅक्सीत बसून शिव्या घालायची वेळ येते. गोव्याचंही तसंच. दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, आणि कोल्हापूरवाल्याला गाडीने जायला मोपा जवळ पडतं. बेळगाव आयएक्सजी, पुणे पीएनक्यू. हे दोन मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडून बरेच लोक विमान धरायला बेळगाव नाहीतर पुण्याला जातात, आणि त्यांचा हिशोब केएलएचपासून करून काही उपयोग नाही.

जाता जाता, उजळाईवाडीचं विमानतळ १९३९ सालचं, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातलं, नाव त्यांचंच आहे. धावपट्टी बरीच वर्षं १३७० मीटरची होती, ती वाढवून १९३० मीटर केली. हे इथं का सांगतोय तर धावपट्टीच्या लांबीवर कुठलं विमान येणार ते ठरतं आणि विमानावर वेळ ठरते. ते पुढं येईलच.

अंतर काढायचे दोन रस्ते

पहिला आळशी लोकांचा, आणि मी स्वतः नव्वद टक्के वेळा हाच वापरतो. मोबाइलवर गुगल मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा, उजळाईवाडीच्या धावपट्टीवर बोट दाबून धरा, लाल पिन पडते. खालची माहिती वर ओढली की त्यात अंतर मोजायचा पर्याय येतो, तो दाबा, मग नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळाच्या धावपट्टीवर न्या. खाली आकडा येतो. हे सरळ रेषेतलं अंतर, आणि पृथ्वी गोल आहे हे धरून काढलेलं. डायरेक्शनचं बटण चुकूनपण दाबू नका, ते दाबलं की तुम्ही कागल नाक्यावर, नाहीतर मामांसारखे साडेपाचशे किलोमीटरवर.

दुसरा रस्ता स्वतः गणित करायचा. बारावीला त्रिकोणमितीत ज्यांची दांडी उडाली त्यांनीपण घाबरू नका, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा केला की साइन, कोसाइनची बटणं दिसतात, फक्त तो डिग्रीवर आहे ना ते बघा. रेडियनवर राहिला तर कोल्हापूर ते मुंबई कायच्या काय येईल आणि तुम्ही मला फोन कराल.

कोल्हापूर-मुंबई करूनच बघू. पिन टाकली की अक्षांश-रेखांश दिसतात. उजळाईवाडी १६.६६ आणि ७४.२९. मुंबई १९.०९ आणि ७२.८७. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश.

अक्षांशातला फरक २.४३. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, पृथ्वीवर कुठंही. गुणलं की २७०. म्हणजे मुंबई आपल्यापेक्षा २७० किलोमीटर उत्तरेला.

रेखांशातला फरक १.४२. पण रेखांशाचा अंश सगळीकडे सारखा नसतो, विषुववृत्तावर १११ किलोमीटर आणि ध्रुवाकडे जाता जाता शून्य होतो, कलिंगडाच्या फोडीसारखं, मध्ये रुंद आणि टोकाला निमुळती. म्हणून त्याला आणखी कोसाइनने गुणायचं. कोसाइन कशाचा? दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाचा, इथं १७.९ च्या आसपास, त्याचा कोसाइन ०.९५२. तर १.४२ गुणिले १११ गुणिले ०.९५२ बरोबर १५०. म्हणजे मुंबई आपल्यापेक्षा १५० किलोमीटर पश्चिमेला.

आता काटकोन त्रिकोण झाला, पायथागोरस. २७० चा वर्ग ७२,९००, १५० चा वर्ग २२,५००, बेरीज ९५,४००, वर्गमूळ ३०९. झालं. कोल्हापूर-मुंबई हवेतून ३०९ किलोमीटर. गाडीने हेच पावणेचारशेच्या पुढं जातं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सातारा, पुणे करत पाचशेच्या वर धावते. एकाच दोन गावांतली तीन अंतरं, आणि तिन्ही खरी.

याच पद्धतीने मी हैदराबाद काढलं, ४४५ आलं. बेंगळुरू ५३२. एकदा जमलं की दोन मिनिटांचं काम आहे.

लांबच्या प्रवासाला हे चालत नाही

हजारभर किलोमीटरपर्यंत वरची पद्धत मस्त चालते. मुंबई-दिल्लीलापण चालून जाते, ११३७ येतं. पण दुबई, लंडन, अमेरिका म्हटलं की पृथ्वीचा गोलवा मध्ये येतो आणि सपाट कागदावरचा त्रिकोण खोटं बोलायला लागतो.

मग हे करायचं. दोन्ही अक्षांशांचे साइन काढून एकमेकांना गुणा, उत्तर बाजूला लिहून ठेवा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, असे तीन आकडे एकमेकांना गुणा. ही दोन उत्तरं मिळवा. बेरजेचा उलटा कोसाइन घ्या, कॅल्क्युलेटरवर कोसाइनच्या डोक्यावर वजा एक लिहिलेलं असतं ते बटण. आलेलं उत्तर अंशात असतं, त्याला १११.२ ने गुणा.

मुंबई-दुबई: दुबईचे आकडे २५.२५ आणि ५५.३६. साइनचा गुणाकार ०.१३९५. कोसाइनचा ०.८१५१. बेरीज ०.९५४६. उलटा कोसाइन १७.३३ अंश. गुणिले १११.२, साधारण १९२७ किलोमीटर. ज्याला हे रोज करायचंय त्याने एक्सेलमध्ये एकदा बसवून ठेवावं, पण एक्सेल डिग्री नाही, रेडियन मागतं, तेवढं लक्षात ठेवा.

आता कुणीतरी विचारणारच की दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोची सगळ्यात जवळची रेषा उत्तर ध्रुवाच्या अंगावरून का जाते, सरळ का जात नाही. सरळच जाते हो, नकाशा वाकडा आहे. पटत नसेल तर घरातला फुटबॉल घ्या, कोल्हापुरात फुटबॉल नाही असं घर सापडायचं नाही, निदान शेजारच्या पोराकडं मिळेल. हवा भरायची पिन घालतो ते भोक म्हणजे उत्तर ध्रुव समजा. बॉलच्या कमरेवर खडूने गोल रेषा मारा, ते विषुववृत्त. रेषेपासून भोकाकडे साधारण एक तृतीयांश वर गेलं की तिथं दिल्लीचा ठिपका. आता बॉल जवळजवळ उलटा फिरवा आणि पलीकडच्या बाजूला थोडा आणखी वर सॅन फ्रान्सिस्कोचा ठिपका. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या, एक टोक एका ठिपक्यावर अंगठ्याने दाबा, दुसरं दुसऱ्यावर, आणि ताणा. दोरा आपोआप घसरत जाऊन त्या भोकाला चिकटूनच बसतो, कमरेवरून नेला तर ढिला पडतो आणि जास्त लागतो. माझ्या पुतण्याला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मग भिंतीवरचा नकाशा फेकून द्यायचा का काका?" फेकायचा नाही, त्याच्यावर पट्टी ठेवून अंतर मोजायचं नाही एवढंच.

एककाचा घोळ

विमानातलं मैल आणि अमेरिकेतल्या रस्त्यावरचं मैल वेगळं. रस्त्याचं १.६०९ किलोमीटर, विमान आणि जहाजाचं नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटर. कोल्हापूर-मुंबई ३०९ किलोमीटर म्हणजे १९२ साधे मैल, पण १६७ नॉटिकल मैल. वेगाचा नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल. हे नॉटिकल मैल आलं कुठून तर अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग, म्हणून वैमानिकाला नकाशावर ते सोयीचं पडतं. आपण किलोमीटरमध्येच राहू.

आता वेळ

इथं सगळे फसतात, कारण सरळ भागाकार करतात. ३०९ भागिले ८००, तेवीस मिनिटं! असं होत नसतं.

एक तर विमान कुठलं आहे ते बघा. तिकिटावर लिहिलेलं असतं. आपल्याकडं येतात ती एटीआर ७२, पंख्याची, सत्तर-ऐंशी सीटांची, नाहीतर एम्ब्रेअरची छोटी जेट. एटीआर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं, जेट आठशेच्या पुढं. पण चढायला आणि उतरायला वेळ जातो, त्यात वेग कमी असतो, शिवाय वळून रांगेत लागायचं असतं. म्हणून माझा ठोकताळा असा: एटीआर असेल तर अंतर भागिले ४८० आणि वर वीस-पंचवीस मिनिटं. मोठं जेट असेल तर अंतर भागिले ८०० आणि वर अर्धा तास. मुंबई, दिल्लीसारखी गर्दीची विमानतळं दोन्ही टोकांना असतील तर आणखी वीस मिनिटं.

कोल्हापूर-हैदराबाद एटीआरने: ४४५ भागिले ४८० म्हणजे ५६ मिनिटं, वर वीस, सव्वा तास. कोल्हापूर-मुंबई: ३९ मिनिटं अधिक पंचवीस, तास आणि वर पाच मिनिटं. मुंबई-दिल्ली जेटने: ८५ अधिक ३० अधिक २०, सव्वादोन तास. तिकिटाशी ताडून बघा, पाच-दहा मिनिटांच्या आत येतं.

यातून एक मजेची गोष्ट दिसते. कोल्हापूर-मुंबईला एटीआर ऐवजी जेट मिळालं म्हणून लोक खूश होतात, पण प्रत्यक्षात वाचतात किती, दहा-पंधरा मिनिटं. एवढ्या छोट्या अंतरात जेट नीट वर चढतंय तोवर खाली उतरायची घोषणा होते. जेटचा खरा फायदा लांबच्या पल्ल्याला.

विमान सरळ रेषेत जातंच असं नाही, हेपण धरा. आकाशातपण ठरलेले मार्ग असतात, लष्कराच्या जागा टाळायच्या असतात, उतरताना धावपट्टीच्या दिशेने वळून यावं लागतं. लांबच्या प्रवासाला सरळ अंतरावर पाचेक टक्के वाढवा, जवळच्याला तो वेळ वरच्या पंचवीस मिनिटांत धरलेलाच आहे. मुंबई-दुबई १९२७, पाच टक्के वाढवून दोन हजारच्या वर, भागिले ८००, अडीच तास, अधिक अर्धा, तीन तास. जाताना तिकिटावर सव्वातीन दिसतात आणि येताना तीनपेक्षा कमी. तो फरक वाऱ्याचा.

वारं

पंचगंगेत ज्यांनी पोहलंय त्यांना हे सांगायची गरज नाही. हात तेवढेच मारायचे, पण धारेबरोबर निघालं की घाट भराभर मागं जातो आणि धारेविरुद्ध आलं की हात मारून मारून तिथंच. विमानाचं तसंच, त्याचा वेग हवेच्या हिशोबाने असतो आणि हवा स्वतः सरकत असते. वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं असतं, हिवाळ्यात उत्तर भारतावर तर खूपच, म्हणून पूर्वेला जाताना वेळ कमी आणि पश्चिमेला जाताना जास्त.

आणि जाताना घालवलेलं येताना पूर्ण परत मिळत नाही. समजा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ८००, वारं १००. वाऱ्याबरोबर ९०० ने गेलं, ६७ मिनिटं. विरुद्ध ७०० ने, ८६ मिनिटं. बेरीज १५३. वारं नसतं तर १५०. तीन मिनिटं वाऱ्याने खाल्लीच.

याचं सगळ्यात भारी उदाहरण एअर इंडियाचं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोपवरून, अटलांटिकवरून जायचं. २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढलं, १५,३०० किलोमीटर झालं, पण वारं पाठीत, आणि साधारण साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. रस्ता लांब आणि वेळ कमी.

अंतर तेच राहून वेळ वाढायचं दुसरं कारण म्हणजे बंद आकाश. २०१९ मध्ये काही महिने आणि परत एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं खालून वळसा घालून जायला लागली. मुंबईहून दुबईचं विमान तसंही समुद्रावरूनच जातं. म्हणून युरोपचं तिकीट असेल तर नुसत्या जुन्या अनुभवावर वेळ सांगू नका.

तिकिटावरच्या वेळेत कंपन्या थोडी हवा भरून ठेवतात. पन्नास मिनिटांचं उड्डाण असलं तरी सत्तर लिहितात, म्हणजे उशिरा निघूनपण "वेळेआधी पोचलो" म्हणून घोषणा करता येते. आणि पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर तसाही हिशोबात वेळेवरच धरतात. खरी वेळ बघायची तर फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ते विमान कधी उडालं, कधी टेकलं, कुठून वळलं, सगळं दिसतं. माझ्या मते तिकीट काढायच्या आधी हे बघणं सगळ्यात कामाचं, कारण त्यात त्या विमानाच्या सवयी कळतात. पावसाळ्यात तर बघाच. मुंबईवर रांग लागली की विमान हवेत घिरट्या घालतं, एक फेरी साधारण चार मिनिटांची, अशा पाच फेऱ्या झाल्या की वीस मिनिटं गेली. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच नीट वापरता येते, गर्दीचं मूळ तिथं आहे.

घड्याळाचा घोळ, आणि आमची फजिती

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची असते. कायम. त्यामुळे दोन वेळांची वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढू नका. मुंबईहून पहाटे २ ला निघालेलं विमान दुबईला पावणेचारला पोचतं असं दिसेल, म्हणजे पावणेदोन तास? नाही. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे, ते मिळवा, सव्वातीन तास.

सोपी रीत: निघायची वेळ भारतीय घड्याळात धरा, प्रवासाचे तास मिळवा, शेवटी तिकडचा फरक मिळवा किंवा वजा करा. दुबई वजा दीड तास. सिंगापूर अधिक अडीच. लंडन हिवाळ्यात वजा साडेपाच आणि उन्हाळ्यात वजा साडेचार, कारण ते घड्याळ पुढं-मागं करतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. न्यूयॉर्क हिवाळ्यात वजा साडेदहा, उन्हाळ्यात वजा साडेनऊ, आणि त्यांचे रविवार वेगळे, मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला. म्हणजे दरवर्षी काही आठवडे असे येतात की अमेरिका बदललेली असते आणि लंडन नाही.

आता तारीख. माझा आत्तेभाऊ दुबईला असतो. पहिल्यांदा सुट्टीवर यायचा होता तेव्हा तिकिटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. निघणार १४ तारखेला रात्री साडेदहाला, पोचणार पहाटे ३, आणि त्या ३ च्या पुढं बारीक अक्षरात अधिक १. ते अधिक १ कुणीच बघितलं नाही, मीपण नाही, आणि हे मी लिहितोय जो घरातला विमानाचा तज्ज्ञ म्हणवून घेतो. सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलं, १४ तारीख, पहाटे ३. मग काय, १३ ला दुपारी मामा, आत्या, दोन पोरं आणि मी, गाडी काढून निघालो. आत्याने भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, सगळं पोराला म्हणून बांधून घेतलेलं. रात्री दोनला मुंबईच्या विमानतळावर बाहेर रेलिंगला टेकून उभे. तीन वाजले, चार वाजले, दुबईचं एक विमान आलं, दुसरं आलं, माणसं ट्रॉल्या ढकलत बाहेर आली आणि गेली. आत्याचा चेहरा बारीक व्हायला लागला. सहाला शेवटी मी त्याला फोन लावला तर हा झोपेतून उठून विचारतोय, "काय झालं दादा, सगळं ठीक ना? मी ड्युटीला जायला उठायचोय आता." मामांनी फोन माझ्या हातातून घेतला, काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती भाकरी आम्हीच खाल्ली, पार्किंगमध्ये, आणि तो दिवस विक्रोळीला एका नातेवाइकाच्या दीड खोलीत पाच जणांनी काढला.

म्हणून, ते अधिक १ बघा. रात्रीच्या विमानाचं असेल तर कागदावर भारतीय तारीख आणि वार दोन्ही लिहा, "१५ तारीख, शुक्रवार उजाडायच्या आधी" असं शब्दात.

बदलून जायचं असेल तर

कोल्हापूरहून दिल्लीला सरळ रेषेत १३५३ किलोमीटर. मुंबईवरून बदलून गेलं तर ३०९ अधिक ११३७, म्हणजे १४४६. हैदराबादवरून ४४५ अधिक १२६६, १७११. बेंगळुरूवरून तर उलटं खाली जाऊन परत वर, २२४१. नकाशा बघून वाटतं मुंबईच बरी. पण हवेत हैदराबादवरून जास्तीत जास्त अर्धा-पाऊण तास वाढतो, आणि मुंबईला पुढच्या विमानाला चार तास थांबावं लागत असेल आणि हैदराबादला दीड, तर हैदराबादवाला आधी पोचतो. बदलून जाताना किलोमीटरपेक्षा मधलं थांबणं बघा. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर आहेत का तेपण बघा. वेगवेगळी तिकिटं स्वस्तात मिळाली म्हणून काढली आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही परत मिळत नाहीत, शिवाय सामान बाहेर येऊन परत चेक-इन करायचं. वेगळी तिकिटं असतील तर मी तरी तीन तासांच्या खाली ठेवत नाही, पावसाळ्यात चार.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. उजळाईवाडीहून आज जे विमान रोज आहे ते पुढच्या मोसमात आठवड्यातून तीनदा होऊ शकतं. लग्नाची तारीख धरून सहा महिने आधी गणित केलं असेल तर परत एकदा बघा.

शेवटी उंबरा ते उंबरा

मी राजारामपुरीत राहतो. घरातून उजळाईवाडीला पंचवीस मिनिटं. चेक-इनचं काउंटर सुटायच्या साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून दीड तास आधी पोचायचं. मुंबईचं उड्डाण पासष्ट मिनिटं. उतरून बॅग मिळेपर्यंत पंचवीस. तिथून दादर, टॅक्सीवाल्याशी घासाघीस धरून, पन्नास मिनिटं. बेरीज २५५ मिनिटं, सव्वाचार तास. ३०९ किलोमीटरला सव्वाचार तास म्हणजे ताशी ७३ किलोमीटर. एवढं पाचशेच्या वेगाचं विमान, आणि उंबऱ्यापासून मोजलं की वेग गाडीएवढा. तरी गाडीने हायवेवरच्या कामांतून, पुण्याच्या बाहेरच्या ट्रॅफिकमधून सात-आठ तास जातात, तेव्हा विमान जिंकतंच, पण तिकीट बघून वाटतं तेवढं नाही. नुसती पाठीवरची सॅक असेल तर बॅगेची पंचवीस मिनिटं वाचतात, मी दोन दिवसांच्या कामाला तसाच जातो.

उलट पुण्याहून विमान धरायचं असेल तर आधी गाडीचे चार-साडेचार तास त्यात मिळवा. पुणे-दिल्ली दोन तास म्हणून खूश होणाऱ्याने उंबऱ्यापासून हिशोब केला की तो नऊ तासांच्या पुढं जातो, आणि मग हैदराबादवरून बदलून जाणारं "आठ तासांचं" महागडं तिकीट अचानक बरं दिसायला लागतं.

मामांना हे सगळं वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं, फुटबॉलपर्यंत आले, परत वर गेले आणि म्हणाले, "ते सगळं बरोबर हाय, पण हैदराबाद किती तास ते सांग की."

सव्वा तास, मामा. बेगमपेठेला घरापासून घरापर्यंत पाच.